डोहात पाय दिसेपर्यंत

घाटमाथ्यावरच्या एका रानात, जिथला ओढा ऐन उन्हाळ्यातही आटत नसे, तिथे एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो. अंगभर काळे-पांढरे काटे असतात ना, तेच. ही साळू स्वभावाने अबोल होती. राग आला तरी ती बोलत नसे, नुसते तिचे काटे खुळखुळत. काटे खुळखुळले की आजूबाजूचे सगळे काय ते समजून जात आणि निमूटपणे कामाला लागत. म्हणूनच रानडुकराने तिला आपल्याकडे मुकादम नेमलं होतं.

रानडुकराचं काम काही लहानसहान नव्हतं. सुरुवातीला तो एकटाच आपल्या सुळ्यांनी कंद उकरून काढत असे. आता त्याच्या हाताखाली ससे माती उकरायला होते, घुशी कंद धुवायला होत्या आणि या सगळ्यांवर साळूची नजर होती. कोनफळं, कणगरं, सुरण असा ताजा माल ओढ्यात धुऊन उंबराखाली मांडला की वानरं आणि अस्वलं लांबलांबून येत. जाताना बदल्यात मध, बोरं, आवळे ठेवून जात. डुकराला कामाचा वाघ म्हणणं बरं दिसत नाही, पण होता खरा. त्याच्याकडे राबणारं कुणी कधी उपाशी झोपलं नाही.

त्याची एक रीत मात्र मोठी गमतीची होती. रोज संध्याकाळी तो सगळ्यांना बेहड्याच्या झाडाखाली जमवायचा, घसा खाकरायचा आणि मोठ्या प्रेमाने विचारायचा, "कुणाला काही सांगायचंय?" आणि विचारता विचारताच वळून चालू लागायचा. कारण दिवसभर घाम गाळल्यावर त्याला चिखलात लोळायची घाई झालेली असे, आणि लोळायचं डबकं होतं दोन टेकड्या ओलांडून. ससे-घुशींना याची इतकी सवय झाली होती की प्रश्न कानावर पडला, की ते उत्तराऐवजी अंगावरची माती झटकत. मग मालकाच्या मागे मागे धावत कोल्हा सांगायचा, "सगळे अगदी समाधानी आहेत, मालक."

हा कोल्हा म्हणजे मालकाच्या लौकिकाचा कारभारी. सगळे त्याला पंत म्हणत. तो कंद उकरत नसे, धूत नसे आणि खातही नसे, पण कंदांविषयी बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. माघ महिन्यात एके दिवशी त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. तो म्हणाला, "मालक, आपण एवढे मोठे झालो. आता आसपासच्या गोरगरिबांसाठी काहीतरी करायला हवं. ओढ्याच्या खालच्या अंगाला डोह आहे ना, तिथल्या प्रत्येकाला एकेक मोठा कंद देऊ. चार लोक नाव काढतील."

डुकराला कल्पना फार आवडली. तो मनाचा मोठा होता, यात शंका नाही. सगळ्यांत जड कंद त्याने स्वतः निवडले. कंदांना वेलींचे वेढे बांधले, मोराला नाचायला बोलावलं, आणि डोहाच्या काठावर सगळ्यांना ओळीने उभं करून पंतांनी भाषण ठोकलं. भाषण संपेपर्यंत एका बगळ्याला उभ्याउभ्याच डुलकी लागली. मग बगळ्यांना, खंड्यांना, पाणमांजरांना एकेक कंद मिळाला. खंड्या माहीत आहे ना? निळ्या पंखांचा, लांब चोचीचा, पाण्यात सूर मारून मासा उचलणारा पक्षी. त्या चिमणीएवढ्या खंड्यासमोर त्याच्या दहापट मोठं कोनफळ ठेवलं, तेव्हा तो त्याच्यामागे दिसेनासाच झाला.

सगळे परतले. साळू वेली गोळा करायला मागे राहिली होती. तेवढ्यात कोनफळावर चढून बसलेला खंड्या तिला म्हणाला, "साळूबाई, कंद छान आहे हो. तुमच्या मालकांचे आभार सांगा. पण आमच्या घशाखाली जे उतरतं, ते पाण्यात असतं. आणि पाण्यात आताशा काही दिसत नाही."

समारंभाच्या गडबडीत न पाहिलेल्या डोहाकडे साळूने आता नीट पाहिलं. ती कामाच्या रगाड्यात कित्येक महिन्यांत इकडे फिरकली नव्हती. पूर्वी या डोहाच्या तळाचे गोटे मोजता येत. आता पाणी तांबडंलाल होतं. तिने एक पाय पाण्यात टाकला, तर घोट्याखालचा पाय दिसेना. ही लाल माती कुठली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वरच्या अंगाला तिच्याच देखरेखीखाली रोज ढिगाने कंद धुतले जात होते.

खंड्या म्हणाला, "काठाच्या दरडीत माझं बीळ आहे. आत सहा पिलं आहेत. त्यांना उडता यायला अजून पंधरा दिवस लागतील. तोवर दिवसाला दोन-तीन मासे जरी मिळाले, तरी ती जगतील. पण मासा दिसलाच नाही तर..." पिलांना उचलून नेता येत नाही आणि उपाशी पिलांकडे बघत बसताही येत नाही. साळू अबोल होती, पण त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द गेला, "पिलं उडेपर्यंत पाणी निवळ होईल. मी सांगते."

शब्द देणं सोपं असतं, मुलांनो. खरी कसोटी पुढेच होती. त्या संध्याकाळी बेहड्याखाली मालकाने विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" साळूने मान वर केली, घसा साफ केला, तोवर मालकाची शेपटी झाडीत दिसेनाशी झाली होती. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिने कोल्ह्याला गाठलं, तर तो म्हणाला, "डोहवाल्यांना कंद पोचले की नाही? मग आता तक्रार कसली? आणि मालकांचं मन आनंदात आहे, उगाच विरजण कशाला घालता?"

तिसऱ्या संध्याकाळी साळू बेहड्याखाली गेलीच नाही. ती डबक्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर मधोमध जाऊन बसली आणि तिने अंगावरचे सगळे काटे उभे केले. डुक्कर दुडक्या चालीने आला आणि थबकला. त्या काट्यांच्या कुंपणाला वळसा घालायलाही जागा नव्हती.

"हे काय, साळूबाई? वाट सोड," तो म्हणाला.

"सोडते, मालक. तुम्ही रोज विचारता ना, आज एकदा उत्तर ऐकून जा."

डुकराच्या मानेवरचे केस ताठ झाले. "कोण कुणाची वाट अडवतंय, कळतंय का? उद्यापासून मुकादमी दुसऱ्या कुणाला देईन."

या कामावर साळूने आयुष्याची सात वर्षं घातली होती. तरी ती म्हणाली, "द्या. पण त्याआधी माझ्याबरोबर डोहापर्यंत चला. तुम्ही दिलेल्या कंदांचं काय झालं, ते तरी बघा."

आपल्या कंदांचं काय झालं हे बघायला कुठल्या दात्याला आवडणार नाही? डुक्कर कुरकुरत का होईना, निघाला. वाटेत त्याने दोनदा सांगितलं की कंद फार गोड निघाले असणार.

डोहाशी पोचले, तेव्हा सूर्य अजून मावळायचा होता. पाणमांजराची पिलं एका कोनफळाने चेंडू खेळत होती. बगळ्यांचे सुरण काठावर ढिगाने पडले होते आणि त्यांना कोंब फुटू लागले होते. डुकराचं तोंड एवढंसं झालं. "कुणी खाल्लाच नाही?" त्याने विचारलं.

"ते मासे खातात, मालक," साळू हळूच म्हणाली. "आपण कुणीच विचारलं नाही."

तेवढ्यात खंड्याने फांदीवरून सूर मारला. वर आला तेव्हा चोचीत कुजका पाला होता. तो पुन्हा फांदीवर बसला, पुन्हा सूर मारला, चोच रिकामी. डुक्कर बघत राहिला. सात वेळा खंड्याने उडी घेतली आणि सातही वेळा हात हलवत परत आला. दरडीतल्या बिळातून पिलांचं चिवचिवणं ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं क्षीण होत होतं. डुकराच्या घरी त्याच वेळी नऊ पिलं आईला बिलगून पडलेली होती. दानाच्या गडबडीत न पाहिलेल्या पाण्याकडे त्याने आता पाहिलं, त्याचा रंग ओळखला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. ते वेलींचे वेढे, ते भाषण, तो मोर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग तो साळूकडे वळून म्हणाला, "आता सांग. मी ऐकतोय."

"मला उपाय माहीत नाही," साळू म्हणाली. "पण धुणाऱ्यांना माहीत असेल. त्यांना विचारा आणि जरा थांबा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच डुकराने सगळ्यांना गोळा केलं. तो म्हणाला, "पाणी निवळ होईपर्यंत धुणं बंद. काम बंद असलं तरी जेवण रोजच्यासारखंच मिळेल, त्याची काळजी नको." कोल्हा कळवळून म्हणाला, "मालक, वानरं परवा यायची आहेत. माल दिसला नाही तर पलीकडच्या डोंगरावर जातील." डुक्कर म्हणाला, "जाऊ देत." मग त्याने घुशींकडे पाहून विचारलं, "गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून काय करता येईल?" आणि तो मातीत फतकल मारून बसला.

घुशी एकमेकींकडे बघू लागल्या. काहींनी सवयीने अंगावरची माती झटकली. मालक अजून तिथेच आहे हे पाहून त्या गोंधळल्या. शेवटी सगळ्यांत म्हातारी घूस, जिला सगळे मावशी म्हणत, ती पुढे आली. "पावसाळ्यात माझ्या बिळात गढूळ पाणी शिरायचं," ती म्हणाली. "म्हणून मी दाराशी एकापाठोपाठ एक असे खड्डे ठेवते. पहिल्यात जाड गाळ बसतो, दुसऱ्यात बारीक, आणि तिसऱ्यातून वाहतं ते निवळ. इथेही तसंच करता येईल. कंद ओढ्यात बुडवायचेच नाहीत. पाणी बाजूला वळवून घ्यायचं, तिथे धुवायचे, आणि ते पाणी खड्ड्यांतून फिरवून मग ओढ्याला सोडायचं."

"मग मावशी, इतकी वर्षं बोलली का नाहीस?" डुकराने विचारलं.

"तुम्ही रोज विचारत होता, मालक," मावशी म्हणाली, "पण थांबत कधी नव्हता."

कोल्ह्याने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आता मावशीची धडगत नाही. पण डुक्कर उठला, मावशीने दाखवलेल्या जागी गेला आणि पहिल्या खड्ड्याची पहिली माती त्याने स्वतःच्या सुळ्यांनी उकरली. मालकाला कितीतरी वर्षांनी मातीत राबताना पाहून सशांच्या अंगात काय वारं शिरलं म्हणता! तीन दिवसांत तीन खड्डे तयार झाले. मधल्या काळात वानरं येऊन, नाकं मुरडून पलीकडच्या डोंगरावर गेली. साळूला रुखरुख लागली, पण डुकराने त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

साळूने शब्द दिल्याच्या आठव्या दिवशी धुणं पुन्हा सुरू झालं. खड्डे भरले, तिसऱ्यातून पाणी ओढ्यात पडलं, आणि ते पुन्हा तांबडंच होतं. पूर्वीइतकं नाही, पण तांबडं. एका दिवसातच पहिला खड्डा गाळाने गच्च भरला होता आणि पुढचं सगळं तसंच वाहून गेलं होतं. साळू धावत डोहाशी गेली. धुणं बंद असलेल्या दिवसांत खंड्याला थोडेबहुत मासे दिसले होते, त्यावर पिलांनी तग धरला होता. आता पाणी पुन्हा गढूळ होऊ लागलं होतं. खंड्याने तिला तिच्या शब्दाची आठवणही करून दिली नाही, आणि त्यामुळे साळूला जास्तच वाईट वाटलं.

संध्याकाळी बेहड्याखाली सगळे मान खाली घालून उभे होते. कोल्हा पुटपुटला, "मी म्हटलंच होतं." साळूला वाटलं, मालक आता पाय आपटत निघून जाणार आणि सगळं पहिल्यासारखं होणार. डुकराने तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "जमलं नाही, ते माझ्या घाईमुळे. मी खड्डे लहान खणवले. आता तुम्ही सांगा, काय करायचं?" आणि तो पुन्हा खाली बसला. डबक्याची वेळ झाली, टळली, तरी तो हलला नाही.

त्या दिवशी लोकांना बोलायला फार वेळ लागला नाही. मावशी म्हणाली, पहिला खड्डा तिप्पट मोठा हवा आणि त्यातला गाळ रोज उपसायला हवा. मग एक ससा पुढे आला. आजवर त्याने बेहड्याखाली कधी तोंड उघडलं नव्हतं. तो म्हणाला, "मालक, आम्ही कंद उपटून मातीसकट घुशींकडे देतो. त्यातली निम्मी माती कोरडी असतानाच झाडून काढली तर ती पाण्यात जाणारच नाही. पण हाताने झाडली तर ती नीट निघत नाही, सुरणाच्या खाचांत राहते. त्याला काहीतरी टोकदार आणि ताठ हवं."

सगळ्यांच्या नजरा एकदमच साळूकडे वळल्या. तिने कधी नव्हे ती हसून अंग झटकलं, आणि दहा-बारा काटे खुळखुळत खाली पडले. "माझ्या बिळाशी याहून पुष्कळ पडलेत," ती म्हणाली. "बारा महिने गळतच असतात."

काट्यांचे जुडगे वेलींनी बांधले, त्याच वेली, ज्या दानाच्या दिवशी कंदांना बांधल्या होत्या. झाला ब्रश तयार. सशांनी उकरलेला प्रत्येक कंद जमिनीवरच खरवडून झाडायला सुरुवात केली. माती जिथली तिथेच राहिली. पहिला खड्डा तिप्पट मोठा झाला, आणि दिवस मावळायच्या आत घुशी त्यातला गाळ उपसून बाजूच्या खळग्यात टाकू लागल्या. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. साळू रोज सकाळी तिसऱ्या खड्ड्याशी जाऊन बसे आणि बाहेर पडणारं पाणी बघे. पाणी आधी फिकट झालं, मग फिकटाहून फिकट.

"डोहाचं कुणी नक्की सांगेल का?" बाराव्या दिवशी साळूने विचारलं.

"पंत सांगतील," डुक्कर म्हणाला. "पंत, डोहात गुडघाभर पाण्यात उभे राहा आणि तुमचे पाय दिसतात का, तेवढं सांगा. भाषण नको."

थंडगार पाण्यात शिरायचं म्हटल्यावर कोल्ह्याचा चेहरा पडला, पण तो गेला. काठावर सगळे जमले होते. कोल्हा पाण्यात उभा राहिला, मान खाली घातली आणि कितीतरी वेळ बघतच राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने जे दिसलं तेवढंच सांगितलं. "चारही पाय दिसतात. नखंसुद्धा दिसतात."

त्याचं वाक्य संपतंय तोवर डोक्यावरून एक निळी रेघ सपकन खाली आली. खंड्या पाण्यात घुसला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीत चांदीसारखा लखलखता मासा फडफडत होता. सरळ तो बिळात गेला. आतून जो काही गलका झाला, तो ऐकून साळूचे सगळे काटे आनंदाने खुळखुळले, आणि या वेळी तो खुळखुळाट ऐकून कुणीही कामाला पळालं नाही. त्या दिवशी खंड्याने अकरा मासे नेले.

पंधराव्या दिवशी सकाळी धुण्याच्या जागेवर काम जोरात चाललं होतं. अचानक सशांनी हातातले ब्रश खाली टाकले आणि वर पाहिलं. ओढ्याच्या वळणावरून खंड्या येत होता, आणि त्याच्या मागून वेडीवाकडी, धडपडत, फांद्यांना आपटत सहा पिलं उडत येत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि जरा मागे पडलेलं सहावं. त्या सहाव्याला दम लागला आणि ते विसावलं कुठे, तर थेट डुकराच्या पाठीवर. तेवढा अवाढव्य डुक्कर, पण पिलू उडून जाईपर्यंत त्याने श्वासही जपून घेतला. खंड्या साळूजवळ येऊन फक्त एवढंच म्हणाला, "बाई, शब्द पाळलात." साळूचे डोळे भरून आले. रानात त्या दिवशी मोराला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आपणहून नाचला.

वानरांचं काय झालं, असं विचाराल. ती आठवड्याभरात परत आली. काट्यांच्या ब्रशने खाचाखाचांतून झाडलेला कंद खाताना दातांखाली कचकच लागत नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पलीकडच्या डोंगराचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही. साळूची मुकादमी गेली नाही, उलट मावशीलाही तिच्या जोडीला मुकादम नेमलं गेलं.

आणि सगळ्यांत मोठा फायदा कुणाचा झाला म्हणाल, तर मालकाचा. घुशींनी खळग्यात टाकलेला तो गाळ! मऊ, थंड, लोण्यासारखा चिखल, आणि तोही बेहड्याच्या झाडाखालीच. डुकराने एकदा त्यात अंग टाकलं आणि दोन टेकड्यांपलीकडचं डबकं कायमचं विसरला. आता संध्याकाळी तो त्या चिखलात गळ्यापर्यंत रुतून पडतो आणि विचारतो, "कुणाला काही सांगायचंय?" त्याला कुठेच जायचं नसतं. ससे बोलतात, घुशी बोलतात, कधी डोहाकडची पाणमांजरंही येऊन बोलतात, आणि तो कान हलवत सगळं ऐकतो.

परवाच कोल्हा नवी कल्पना घेऊन आला होता. "मालक, टेकडीपलीकडच्या भेकरांना या वर्षी आपण काहीतरी मोठं देऊ या. मी भाषण लिहायला घेतलंय."

डुकराने चिखलातून डोकं वर काढलं. "उत्तम, पंत. पण आधी साळूबाईंना बरोबर घेऊन भेकरांकडे जा. त्यांना काय हवंय ते विचारा, आणि आपल्यामुळे त्यांना काही त्रास होतोय का, तेही विचारा. आणि विचारल्यावर," तो पुन्हा चिखलात सरकत म्हणाला, "जरा थांबा."

तात्पर्य : आपल्या कामामुळे शेजाऱ्याचं जे बिघडलं, ते नीट करणं हेच पहिलं दान, आणि जो विचारून उत्तर ऐकायला थांबतो, त्यालाच ते नीट करायची वाट सापडते.